पर्वतीच्या पायऱ्या आणि स्वारगेटचा बसथांबा

१३ ऑक्टोबर ही तारीख उच्चारली की आंबेडकरी माणसाला येवला आठवते. १९३५ साली याच दिवशी परमपूज्य बाबासाहेबांनी येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा केली. पण त्याच्या बरोबर सहा वर्षे आधी, म्हणजे १३ ऑक्टोबर १९२९ रोजी, पुण्यात पर्वतीवर आमच्याच माणसांनी सत्याग्रह सुरू केला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? महाड ठाऊक आहे, काळाराम ठाऊक आहे. पर्वती मात्र विस्मरणात गेली. २०२९ साली या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होतील. तेव्हा भाषणे होतील, पुस्तिका निघतील, पुढाऱ्यांचे फलक लागतील. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न साधा आहे. त्या दिवशी खेड्यातून येणारी आमची म्हातारी माणसे पर्वतीपर्यंत पोहोचणार कशी?

हा प्रश्न आम्हाला पुस्तक वाचून पडलेला नाही. २०२५ च्या १३ ऑक्टोबरला आम्ही काही कार्यकर्ते ठरवून पर्वतीला गेलो होतो. अट एकच होती, कोणीही स्वतःची गाडी आणायची नाही. एसटी, मेट्रो, शहर बस, जे मिळेल त्याने स्वारगेटला यायचे आणि तिथून पुढे बसने किंवा पायी जायचे. वार सोमवार होता, म्हणजे कोर्टाचा दिवस. त्यामुळे आमच्या वकील मंडळींपैकी तिघेच आले. बाकी वस्तीतली मुले, दोन शिक्षक आणि सातारा जिल्ह्यातून एसटीने आलेल्या एक आजी, असे मिळून अकरा जण जमलो.

आता कोणी विचारील, आणि काही बांधवांनी विचारलेही, की वकीलसाहेब, तुम्ही बौद्ध, बावीस प्रतिज्ञा घेतलेले, मग तुमचे पर्वतीवर काय काम? तिथे कोणता बुद्ध आहे? प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर देणे भाग आहे.

आम्ही दर्शनाला गेलो नव्हतो. पर्वतीचे देवदेवेश्वराचे मंदिर नानासाहेब पेशव्याने अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधले. ते पेशव्यांच्या खासगी भक्तीचे आणि सार्वजनिक दिमाखाचे ठिकाण. ज्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून चालावे लागे असे बाबासाहेबांनी 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात नमूद केले, त्याच पुण्याच्या माथ्यावरचे हे देऊळ. त्याची पायरी चढायला १९२९ साली शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांचे सहकारी निघाले. काकासाहेब गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे सवर्ण तरुणही त्यात होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सनातन्यांनी सत्याग्रहींवर दगडफेक केली. राजभोज जखमी झाले. बाबासाहेबांचा या लढ्याला पाठिंबा होता. पुढच्याच वर्षी २ मार्चला नाशिकला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला. पुण्याच्या दगडांची आठवण ताजी असतानाच आपली माणसे नाशिकच्या दारात जाऊन उभी राहिली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

देवळात जाऊन देव भेटेल म्हणून हे लढे झाले नाहीत. पुढे १९३४ साली बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून मंदिरप्रवेशाचे सत्याग्रह आता थांबवावेत असे कळवले, आणि समाजाने आपली शक्ती राजकारणाकडे व शिक्षणाकडे वळवावी असा मार्ग दाखवला. म्हणजे प्रश्न देवाचा नव्हताच. जी वाट सगळ्यांची आहे ती आमचीही आहे की नाही, एवढाच तो प्रश्न होता. देव गेला, प्रश्न राहिला. आम्ही पर्वतीला गेलो ते या प्रश्नासाठी, त्या पायऱ्या पाहायला.

आता वाटेबद्दल. पर्वतीला जाणे पुण्यात सोपे समजले जाते. परगावच्या माणसाला कोणीही सांगतो, स्वारगेटला उतरा, तिथून जवळच आहे. अंतराच्या दृष्टीने ते खरे आहे. स्वारगेटपासून पायथा दीड किलोमीटरच्या आसपास. धडधाकट माणूस वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचतो. स्वारगेटला एसटीचे स्थानक आहे, शहर बसचे स्थानक आहे आणि २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही तिथपर्यंत आली आहे. पुणे रेल्वे स्टेशनवर उतरणाऱ्याने तिथल्या मेट्रोत बसावे, जिल्हा न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलावी आणि मंडईवरून स्वारगेट गाठावे. पिंपरी-चिंचवडकडच्या बांधवांना तर गाडी बदलावीही लागत नाही. पायथ्याच्या बाजूने जाणाऱ्या शहर बस स्वारगेटहून मिळतात. त्यांचे क्रमांक आम्ही मुद्दाम देत नाही, मार्ग बदलत असतात. थांब्यावर विचारून घ्यावे.

खर्चाचेही सांगतो, कारण आपल्या माणसाच्या खिशाचा विचार सहसा कोणी करीत नाही. एसटीत ७५ वर्षांवरील माणसाला २०२२ पासून प्रवास मोफत आहे, महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. ही चांगली गोष्ट झाली आणि तसे म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही. मात्र पुण्याच्या शहर बसचे, म्हणजे पीएमपीएमएलचे, किमान तिकीट १ जून २०२५ पासून ५ रुपयांचे १० रुपये झाले. दिवसाचा पास ४० चा ७० झाला, महिन्याचा ९०० चा १५०० झाला. मोटारीत बसणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. परंतु चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आमच्या भगिनीला महिन्याला ६०० रुपये जास्त म्हणजे काय, हे तिच्या घरी जाऊन विचारावे. ती पास काढीत नाही. ती चालते. म्हणून फुटपाथचा प्रश्न हा हौसेने फिरायला जाणाऱ्यांचा प्रश्न नाही, तो गरिबाच्या वाहनाचा प्रश्न आहे. गरिबाचे वाहन म्हणजे त्याचे दोन पाय.

स्वारगेटला मेट्रोतून आलेल्या माणसाला जमिनीखाली लिफ्ट आहे, सरकता जिना आहे, लादी गुळगुळीत आहे, अंधांसाठी पिवळी पट्टी आहे. तो वर आला की मात्र त्याचे हाल सुरू होतात. जणू माणूस जमिनीखाली असेपर्यंतच नागरिक, वर आला की केवळ रहदारीतला अडथळा!

आमच्याबरोबर एक तरुण वकील मित्र होते. लहानपणी पोलिओ झाल्याने ते कुबड्या घेऊन चालतात. कोर्टात तीन मजले चढून युक्तिवाद करणारा माणूस. त्यांनी जेधे चौकातून निघतानाच खिशातली छोटी वही काढली आणि आम्हाला म्हणाले, "मी मोजतो. तुम्ही पुढे व्हा." सारसबागेच्या कडेने, मित्रमंडळ चौकाच्या अंगाने पायथ्यापर्यंत जाताना फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरावे लागले अशा जागा त्यांनी वहीत मांडल्या. त्या अकरा भरल्या. कुठे विजेची पेटी फुटपाथच्या मधोमध. कुठे दुचाक्या आडव्या. कुठे फुटपाथ इतका उंच की कुबडी टेकून चढताच येत नाही, आणि दहा पावलांवर तो तसाच तुटून खाली. एका ठिकाणी रस्ता ओलांडायचे पट्टे होते, पण पट्टे जिथे संपतात तिथे दुभाजकाला फटच नव्हती. धडधाकट माणूस पाय उचलून पलीकडे जातो. आमचे मित्र तिथे उभे राहिले. मागून हॉर्न वाजत होते. दोन मुलांनी त्यांना उचलून पलीकडे नेले. कोर्टात 'माय लॉर्ड' म्हणणाऱ्या माणसाला भर रस्त्यात पोत्यासारखे उचलावे लागते. त्यांनी वहीत तेही लिहिले.

वाटेत हातगाड्या आणि फुले-नारळ विकणारे दिसले. फुटपाथचा विषय निघाला की पहिला हात त्यांच्यावरच पडतो, म्हणून हे आताच सांगून ठेवतो. आमच्या अकरा जागांपैकी फक्त एक जागा विक्रेत्याने अडवलेली होती, आणि आमच्या मित्रांना पाहताच त्या बाईने टोपली मागे ओढून घेतली. विजेच्या पेटीला टोपली ओढायला सांगता येत नाही. फुटपाथवरचा गरीब विक्रेता हा पादचाऱ्याचा शत्रू असा जो कांगावा केला जातो, त्याला आपल्या चळवळीने बळी पडू नये. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर व्यवसाय करण्याचा हक्क मान्य केला, आणि २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा झाला. त्यांना जागा आखून द्या, हे काम महापालिकेचे. गाड्या कोणी उभ्या केल्या ते मात्र कोणी विचारीत नाही, कारण गाडीवाला साहेब असतो.

पायथ्याशी आलो. पर्वतीच्या पायऱ्या १०३. दगडी, रुंद, हत्ती चढावा म्हणून तशा बांधल्या असे लोक सांगतात. समुद्रसपाटीपासून टेकडीची उंची सुमारे २१०० फूट असली तरी पुणेच मुळात उंचावर असल्याने चढण तशी मोठी नाही. सकाळी व्यायामाला येणारी मंडळी दोन-दोन पायऱ्या टाकीत वर जात होती, खाली येत होती. कोणाच्या कानात गाणी, कोणाच्या हातात पाण्याची बाटली. चांगले आहे. शरीर सुदृढ ठेवावे. परंतु त्यांच्यातल्या एकालाही आपण कोणत्या पायऱ्यांवरून धावतो आहोत हे माहीत नसावे, याचा दोष त्यांचा नाही, आमचा आहे. आम्ही सांगितले नाही.

आमच्या आजी ७८ वर्षांच्या. त्यांचे वडील तरुणपणी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते आणि १९२९ साली पर्वतीच्या गर्दीत होते. पुढे गावी परतले. लेकीला एवढेच सांगत, पर्वतीला आम्हाला दगडं मारली. आजी जन्मात पहिल्यांदा पर्वती पाहत होत्या. 'देवळाशी आपलं काय काम' म्हणून त्या कधी आल्या नव्हत्या. आम्ही हाताला धरून चढू लागलो. चाळिसाव्या पायरीच्या आसपास त्या बसल्या. पाणी प्यायल्या. खाली पाहिले, वर पाहिले. मग आम्हाला म्हणाल्या, "व्हय वकीलसायेब, दगडं कुठनं मारली? वरनं का बाजूनं?"

आम्ही कायद्याची पदवी घेतलेली माणसे. चळवळीच्या व्यासपीठावरून वीस-बावीस वर्षे बोलतो आहोत. आम्हाला उत्तर देता आले नाही. शिक्षक मित्रांकडे पाहिले, तेही गप्प. आजी थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "बरं, ऱ्हाऊ द्या." आणि कठड्याला हात लावून उठल्या. मात्र वर जाणे त्यांना जमले नाही. पन्नास-पंचावन्न पायऱ्यांवरून त्या परतल्या. एक मुलगी त्यांना घेऊन खाली चहाच्या टपरीवर गेली. तिथे आमचे कुबड्यांवाले मित्र आधीच बसले होते. एका सत्याग्रहीची लेक आणि एक वकील, दोघेही पर्वतीच्या पायथ्याशीच राहिले.

वर गेलो ते आम्ही नऊ. वरून सगळे पुणे दिसते. याच टेकडीवरून ५ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाने खडकीची लढाई पाहिली, हा इतिहास पुणेकर मोठ्या चवीने सांगतात. आमचे लक्ष मात्र उतारावर होते. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे. पुण्यातल्या मोठ्या झोपडपट्ट्यांत तिची गणना होते. हजारो कुटुंबे त्या चढावर राहतात. दिवसातून दोनदा, चारदा चढतात आणि उतरतात. गॅसची टाकी खांद्यावर, आजारी म्हातारा पाठीवर, शाळेचे पोर कडेवर. त्यांच्या चढण्याला कोणी व्यायाम म्हणत नाही. पर्वतीच्या माथ्याकडे जाणाऱ्या पायऱ्या साऱ्या शहराला माहीत आहेत. उताराच्या बाजूच्या बोळांतल्या पायऱ्या कुणाला ठाऊक आहेत? एखादी बाळंतीण रात्री दोन वाजता खाली कशी आणतात, हे पाहायला कोणी पर्यटक जात नाही. टेकडीपर्यंतची वाट नीट झाली पाहिजे असे आम्ही म्हणतो, तेव्हा ती आधी या वस्तीसाठी नीट झाली पाहिजे असे आम्हाला म्हणायचे असते. माथ्यावर येणारा पाहुणा दोन तासांनी निघून जातो.

आता कायद्याचे. वाचक कंटाळणार नाहीत अशी अपेक्षा आहे, कारण हा कायदा आपल्याच माणसाच्या लेखणीतून उतरलेला आहे.

बाबासाहेबांच्या आयुष्यातले अपमान आपण आठवून पाहावेत. त्यातले कितीतरी प्रवासातले आहेत. लहानपणी ते भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले आणि मसूरच्या स्टेशनवर उतरले. जात कळताच एकही गाडीवान बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे असे ठरले. १९२९ सालीच, म्हणजे ज्या साली पर्वतीवर दगड पडले त्याच साली, चाळीसगावला टांगेवाल्याने अस्पृश्याचा टांगा हाकण्यास नकार दिला. टांगा हाकायची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला. टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. तेव्हा ते बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते, सरकारी समितीच्या कामाने फिरत होते. टांग्याने हे काही पाहिले नाही.

म्हणूनच गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या हक्कांचा जो मसुदा दिला, त्यात नागरिकत्वाच्या हक्काचा भंग हा गुन्हा ठरवताना त्यांनी विहिरी, तलाव आणि शाळांबरोबर रस्ते, पायवाटा, गल्ल्या यांचा वेगळा उल्लेख केला. इतकेच नव्हे, तर जमिनीवरील, पाण्यावरील आणि हवेतील सार्वजनिक वाहनांचाही केला. त्या काळात विमानात बसणारा अस्पृश्य कोण होता? कोणी नव्हता. तरी त्यांनी ते लिहिले. वाहन सार्वजनिक असेल तर ते सगळ्यांचे, मग ते बैलाने ओढो की पंख्याने उडो. बसथांब्याचा प्रश्न चळवळीचा नाही असे ज्यांना वाटते त्यांनी हा मसुदा एकदा काढून वाचावा.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर 'रस्ते' हा शब्द आला. तो उगाच आलेला नाही. महाडच्या चवदार तळ्याचा खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. तळे नगरपालिकेचे होते, आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची अनादी काळची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. जे नगरपालिकेचे ते कोणा जातीचे नव्हे. आम्ही वकिलीच्या पहिल्या वर्षी हा निकाल वाचला तेव्हा फक्त पाण्याचा विचार केला होता. आता वाटते, तो रस्त्यालाही तितकाच लागू आहे. स्वारगेटपासून पर्वतीच्या पायथ्यापर्यंतचा रस्ता महापालिकेचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे तिचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. ती उपकार करीत नाही.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली आला, त्याचे नियम २०१७ साली. असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत होती, ती २०२२ साली संपली. त्याच कायद्याचे कलम ४१ बसथांब्यांवरील सोयींबद्दल आहे. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरकारला स्पष्ट सांगितले की सुगमतेचे नियम म्हणजे नुसता सल्ला असू शकत नाही, ते बंधनकारकच असले पाहिजेत. मे २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने चालण्याजोगा, अडथळा नसलेला आणि दिव्यांगांना वापरता येईल असा फुटपाथ मिळणे हा अनुच्छेद २१ खालील जीविताच्या हक्काचा भाग मानला. पुणे महापालिकेने तर २०१६ सालीच पादचारी धोरण मंजूर करून ठेवले आहे. म्हणजे कागद भरपूर आहेत. अस्पृश्यता सतराव्या अनुच्छेदाने गेली तीही कागदावरच, आणि कागद जमिनीवर उतरवायला काय लागते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

कोणी म्हणेल, पायऱ्यांचे काय करणार? ऐतिहासिक पायऱ्या फोडून उतार करा असे आम्ही म्हणत नाही. जुनी वास्तू जपली पाहिजे, आणि आमच्या दृष्टीने तर त्या पायऱ्या हाच आमचा दस्तऐवज आहे. परंतु दर काही पायऱ्यांवर बसायला जागा, दोन्ही बाजूंना हाताला धरता येईल असा सलग कठडा, पायथ्याशी पिण्याचे पाणी आणि बायकांना जाता येईल असे स्वच्छ स्वच्छतागृह, याला कोणती वास्तू आड येते? ज्यांना वर चढताच येत नाही त्यांच्यासाठी पायथ्याशीच १९२९ च्या सत्याग्रहाची माहिती देणारी जागा असावी. आमच्या आजींना वर देव पाहायचा नव्हता. त्यांना आपला बाप कुठे उभा होता ते पाहायचे होते, आणि ते पायथ्याशीही सांगता आले असते. यावर कोणी रोपवेचे स्वप्न दाखवले तर आम्ही एवढेच विचारू, तिकीट किती, आणि रोपवेपर्यंत चालत जायला फुटपाथ आहे का?

आता थोडे आपल्या माणसांबद्दल. हे लिहिणे कटू आहे, पण लिहिले पाहिजे. आमच्या चळवळीत पुतळ्याची जागा, कमानीचे नाव, चौकाचे नामकरण यासाठी जेवढे मोर्चे निघाले, त्याच्या एक दशांशही बसच्या तिकिटासाठी निघाले नाहीत. पुतळा नको असे आम्ही म्हणत नाही. पण त्या पुतळ्यापर्यंत म्हातारीला चालत जाता येते का, हे किती पुढाऱ्यांनी पाहिले? कार्यक्रम संपला की त्यांच्या गाड्या मंडपाच्या दाराशी लागतात आणि गावाकडून आलेली माणसे रात्री अकरा वाजता स्टेशनची वाट विचारीत हिंडतात. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना जाणाऱ्या उपासक-उपासिकांचीही हीच कथा. लेण्यांवर श्रद्धा सगळ्यांची, पायऱ्यांवर दम लागलेल्या माणसाची चौकशी कोणाची नाही. आम्हीही यातून सुटलेलो नाही. २०२५ पर्यंत आम्ही स्वतः पर्वतीखालून किती तरी वेळा दुचाकीवरून गेलो, आणि आमच्या मित्राची ती वही पाहिल्यानंतरच रस्ता डोळ्यांना दिसला.

त्या वहीतल्या अकरा जागा आम्ही नकाशावर मांडल्या, प्रत्येकीचे छायाचित्र जोडले, वर उल्लेखिलेल्या कायद्यांची कलमे लावली आणि संबंधित कार्यालयात लेखी अर्ज दिला. पोच मिळाली आहे. उत्तर आलेले नाही. माहितीच्या अधिकारात दुसरा अर्ज तयार आहे. त्यात तीनच प्रश्न आहेत. या रस्त्याच्या फुटपाथवर पाच वर्षांत किती खर्च झाला, सुगमतेची तपासणी कोणी व कधी केली, आणि पायथ्याच्या बसथांब्यावर दिव्यांगांसाठी कोणती सोय आहे. इतर शहरांतील बांधवांनी आपापल्या टेकडीचा, लेण्यांचा, स्मारकाचा रस्ता असाच एकदा वही घेऊन चालून पाहावा. वकिलाची गरज लागत नाही. कुबड्या किंवा काठी घेऊन चालणारा एक माणूस मात्र बरोबर असावा, कारण बाकीच्यांना काही दिसत नाही.

येत्या १३ ऑक्टोबरला आम्ही पुन्हा जाणार आहोत. सकाळी साडेसहा वाजता स्वारगेटच्या मेट्रो स्थानकाबाहेर जमायचे आहे. गाडी आणू नये. पाण्याची बाटली आणि टोपी आणावी. १९२९ च्या सत्याग्रहातील कोणाचे नातेवाईक वाचकांत असतील, त्यांच्या घरी एखादा कागद, छायाचित्र किंवा ऐकलेली हकीकत असेल, तर ती कृपया बरोबर आणावी. दगड कोणत्या बाजूने आले, हे आजींना सांगायचे राहिले आहे.